खरे पेन आणि खोटे पेन: एपिपेन ज्युनिअर, चार वर्षांच्या वापरानंतर

एपिपेन ज्युनिअर हे अ‍ॅड्रेनलीनचे, मांडीवर दाबताच स्वतःच सुई टोचणारे इंजेक्शन गेली चार वर्षे आमच्या घरात आहे. या काळात आम्ही त्याची चार खोकी घेतली, म्हणजे आठ पेने झाली. त्यांपैकी पाच मुदत संपून बाद झाली, दोन आज मुलीच्या कमरेच्या पिशवीत आहेत आणि एक वापरले गेले. पैशांच्या हिशेबाने हा व्यवहार वेडगळ वाटेल. ज्या एका पेनाचा उपयोग झाला, त्याचा अनुभव पुढे सांगणार आहे. मात्र या परीक्षणात मला मुख्यतः त्या खोक्यातल्या तिसऱ्या पेनाविषयी लिहायचे आहे. त्यात औषधही नसते आणि सुईही नसते. कंपनी त्याला सरावाचे पेन म्हणते आणि आम्ही त्याला ‘खोटे पेन’ म्हणतो.

आमची मुलगी आता साडेपाच वर्षांची, १८ किलो वजनाची आहे. तिला शेंगदाणा आणि काजू यांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. ‘तीव्र’ या शब्दाचा अर्थ पुष्कळांना अंगावर पित्त उठणे एवढाच वाटतो, म्हणून स्पष्ट सांगते. शरीराची ही प्रतिक्रिया वाढून अ‍ॅनाफिलॅक्सिसपर्यंत गेली, तर रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो, घसा आतून सुजतो, श्वासनलिका आवळल्या जातात आणि हे सर्व काही मिनिटांत घडू शकते. अशा वेळी सेटिरिझिनसारखे पित्तावरचे औषध खाज कमी करते, पण सुजलेला घसा मोकळा करू शकत नाही किंवा कोसळलेला रक्तदाब सावरू शकत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलीनचे आहे. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका सैल करते आणि हृदयाला जोर देते. आणि ते जितके लवकर मांडीच्या स्नायूत जाईल तितके चांगले. रुग्णालयात पोहोचल्यावर ते मिळेलच, पण पुण्याच्या संध्याकाळच्या वाहतुकीत रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो, हे येथे कोणाला सांगायला नको.

मुलगी तेरा महिन्यांची असताना आम्ही न्यू जर्सीत राहत होतो आणि निदान तिथेच झाले. तेव्हा शेंगदाण्यापासून मूल दूर ठेवणे तुलनेने सोपे होते, कारण तिथे दाणा दिसतो. तो पीनट बटरच्या बरणीत असतो आणि पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेला असतो. ती अडीच वर्षांची झाल्यावर आम्ही पुण्यात परतलो, आणि आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाणा कसा अदृश्य होतो ते लक्षात आले. आपण त्याचे कूट करतो. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची किंवा पालकाची पातळ भाजी, साबुदाण्याची खिचडी, उपवासाची आमटी, लसणाची सुकी चटणी, मटकीची उसळ: यांतल्या कोणत्या पदार्थात ते असेल आणि कोणत्यात नसेल, हे त्या घराच्या चवीवर ठरते. ‘यात दाणे नाहीत ना?’ असे विचारल्यावर ‘छे, दाणे नाहीत, थोडंसं कूट आहे’ हे उत्तर मला इतक्या सुस्वभावी माणसांनी इतक्या निरागसपणे दिले आहे, की आता मी प्रश्नच बदलला आहे. मी दाणे, कूट आणि तेल असे तीन वेगवेगळे प्रश्न विचारते. तेलाचे कारण असे, की कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. पण हल्ली पुण्यात गल्लोगल्ली मिळणाऱ्या लाकडी घाण्याच्या तेलात ती उरतात, आणि अ‍ॅलर्जी तेलाची नसून त्या प्रथिनांची असते. आरोग्यासाठी म्हणून जे तेल लोक मुद्दाम जास्त पैसे देऊन आणतात, तेच आमच्यासाठी अधिक धोक्याचे ठरते.

बंद पाकिटांची स्थिती बरी आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, झाडावरचे सुकामेवे, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्ये इत्यादींचा उल्लेख पाकिटावर स्वतंत्रपणे करावा लागतो. (तीळ त्या यादीत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला आहे. तिळगुळाच्या प्रदेशात तो सक्तीचा नसावा, याचे मला कायम नवल वाटते.) पण लग्नाची पंगत, वाढदिवसाची पुडी, मिठाईच्या दुकानातले सुटे पेढे, देवळातला प्रसाद यांना लेबल नसते. काजूकतली ज्या ताटात थापली त्याच ताटात मग पेढे लावले जातात, आणि दुकानदाराला तसे करण्यात काही चूक वाटण्याचे कारणही नाही. म्हणून काळजी कितीही घेतली, तरी चूक कधीतरी होणार हे गृहीत धरूनच चालावे लागते, आणि पेन त्यासाठी जवळ ठेवावे लागते.

आता वस्तूविषयी. खोक्यात दोन खरी पेने असतात, प्रत्येक आपापल्या पारदर्शक नळीत. ज्युनिअरमध्ये ०.१५ मिलिग्रॅमची मात्रा असते आणि ती १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी आहे. ३० किलोंवरील सर्वांसाठीच्या मोठ्या पेनात ०.३ मिलिग्रॅम असते. १५ किलोंखालच्या बाळाला काय द्यायचे हा निर्णय डॉक्टरांचा असतो. आमच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक ज्युनिअरच लिहून दिले होते. वरच्या टोकालाही मतभेद आहेत, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २५ किलोंपासूनच मोठ्या पेनाकडे वळण्याचे सुचवते. तेव्हा मुलाचे वजन झपाट्याने वाढत असेल, तर नवीन खोके मागवण्यापूर्वी डॉक्टरांना हे विचारून घ्यावे.

वापरण्याची रीत अशी. पेन नळीतून काढून केशरी टोक खाली येईल असे मुठीत धरायचे. दुसऱ्या हाताने निळे टोपण सरळ वर ओढून काढायचे. ते वाकवायचे किंवा पिळायचे नाही. केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, टक असा आवाज येईपर्यंत जोराने दाबायचे आणि तीन सेकंद तसेच धरून ठेवायचे. कपड्यांवरून टोचले तरी चालते. पूर्वी दहा सेकंद धरायला सांगत. लहान मुले पाय झटकतात आणि सुईने जखमा होतात असे अनुभव आल्यावर ती वेळ तीनवर आणली गेली आणि मुलाचा पाय घट्ट धरण्याची सूचना ठळक करण्यात आली. पेन काढून घेताच केशरी आवरण पुढे सरकते आणि सुई झाकून टाकते. वापरलेले पेन हातात घेतले की आत बरेच औषध शिल्लक दिसते आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याचा जीव धसकतो. पण ते तसेच असते. आतल्या सुमारे २ मिलिलिटर द्रवापैकी केवळ ०.३ मिलिलिटर शरीरात जाते आणि उरलेले पुन्हा वापरता येत नाही. ही गोष्ट पत्रकात लिहिलेली आहे, पण आणीबाणीच्या वेळी पत्रक कोण वाचणार?

या यंत्रणेचा जन्म सैनिकांसाठी झाला. शेल्डन कॅप्लान या अभियंत्याने १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, विषारी वायूचा हल्ला झाल्यास सैनिकाला गणवेशावरूनच उतारा टोचून घेता यावा म्हणून, अशी यंत्रणा तयार केली होती. तिचे अ‍ॅड्रेनलीनचे रूप एपिपेन या नावाने १९८७ मध्ये मंजूर झाले. घाबरलेल्या, हात थरथरणाऱ्या, वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाला वापरता यावे, हा विचार त्याच्या मुळाशीच आहे आणि तो बहुतेक ठिकाणी जाणवतो.

एका जागी मात्र तो विचार फसला आहे, असे माझे मत आहे. वस्तूला पेन म्हटले की टोपण निघते त्या बाजूला टोक असते, अशी आपली आयुष्यभराची सवय असते. येथे टोपण एका टोकाला आणि सुई दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे पेन उलटे धरून स्वतःच्याच अंगठ्यात इंजेक्शन घेतलेल्यांची उदाहरणे वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. हा दोष कितीही सूचना वाचल्या तरी मनातून जात नाही; हाताला सवय झाली तरच जातो. म्हणून माझ्या लेखी त्या खोक्याचे खरे मोल करड्या लेबलाच्या खोट्या पेनात आहे. ते खऱ्यासारखेच निळे टोपण आणि केशरी टोक घेऊन येते, दाबले की तसाच आवाज करते, त्याचेही केशरी आवरण पुढे येते, आणि ते आत ढकलून टोपण परत बसवले की पुन्हा वापरायला तयार होते.

आमच्या घरी त्याचा पहिला सराव सासूबाईंनी केला, तो उलटाच केला. निळे टोपण काढले आणि तीच बाजू मांडीवर ठेवून दाबत राहिल्या. आवाज येईना, तेव्हा मला म्हणाल्या, “हे बिघडलंय गं.” खऱ्या प्रसंगी हे घडले असते तर काय झाले असते, याचा विचार त्या रात्री आम्ही दोघींनीही केला असणार, बोललो मात्र नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच एक नियम ठरवला: रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर एकदा सराव. इंग्रजी सूचना त्यांच्या कामाच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ओळ तयार केली: ‘निळं आभाळाला, नारिंगी मांडीला.’ ती ओळ आता आमच्या घरात परवचासारखी म्हटली जाते. मुलगी तिच्या अस्वलाला त्याच चालीवर इंजेक्शन देते आणि वर “पाय हलवू नको, तीन अंक मोजायचे आहेत,” असे दटावतेही.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवाला सासूबाई नातीला घेऊन आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली गेल्या होत्या. मी हिंजवडीत कार्यालयात होते. यजमानीणबाईंना अ‍ॅलर्जी ठाऊक होती. त्यांनी विचारल्यावर सांगितलेही होते, की वडीत फक्त तीळ आणि गूळ आहे. आणि त्यांच्या वडीत खरोखर तेवढेच होते. पण ताटात शेजारच्या घरून आलेले लाडूही मांडले होते, आणि त्यांत आपल्याकडच्या बहुतेक तिळगुळाप्रमाणे दाण्याचे कूट होते. मुलीने लाडू अर्धा खाल्ला. काही मिनिटांतच तिचे ओठ खाजू लागले, मानेवर गांधी उठल्या, कोरडा खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला आणि तिला उलटी झाली. खोलीत पंधराएक बायका होत्या. एकीने लिंबूपाणी सुचवले, एकीने हळद, एकीच्या पर्समध्ये सेटिरिझिनची गोळी निघाली. सासूबाईंनी कोणालाही उत्तर दिले नाही. त्या जमिनीवर बसल्या, नातीला मांडीवर आडवी घेतली, शेजारणीला पाय धरायला सांगितला आणि परकराच्या कापडावरून पेन दाबले. मग घड्याळात वेळ बघितली, दुसरे पेन हातात काढून ठेवले आणि १०८ ला फोन लावायला सांगितला. पाच ते पंधरा मिनिटांत आराम पडला नाही तर दुसरे द्यायचे, हे त्यांना पाठ होते. ते द्यावे लागले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलीचा श्वास मोकळा होऊ लागला होता. तरीही रुग्णालयाने तिला रात्रभर ठेवून घेतले, कारण काही तासांनी प्रतिक्रियेची दुसरी लाट येऊ शकते आणि पेनाचा परिणाम तोवर ओसरलेला असतो. पेन दिले, बरे वाटले, आता घरी जाऊ, हा हिशेब चुकीचा आहे.

नंतर सर्वांनी त्यांच्या धीराचे कौतुक केले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी कसली धीट! त्या खोट्या पेनाने इतक्यांदा केलं होतं, की हात आपोआप गेला.” या वस्तूचे याहून नेमके परीक्षण मला करता येणार नाही, तरी तिच्या अडचणी सांगायला हव्यात, आणि त्या कमी नाहीत.

पहिली अडचण मिळण्याची. मी पुण्यात ज्या ज्या औषधांच्या दुकानांत चौकशी केली, तिथे हे पेन नव्हते आणि निम्म्या दुकानांत त्याचे नावही ऐकलेले नव्हते. परदेशातून स्वतःच्या वापरासाठी औषध मागवण्याची कायदेशीर वाट आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, फॉर्म १२ए मध्ये अर्ज करायचा आणि फॉर्म १२बी मध्ये परवाना घ्यायचा. प्रवाशाने स्वतःच्या सामानातून स्वतःच्याच वापरासाठी आणलेल्या औषधाला हा परवाना लागत नाही. पण ‘मामा येतोय, त्याच्याबरोबर मागवू’ हा आपला सर्वमान्य मार्ग त्या सवलतीत नीट बसत नाही, हे लक्षात ठेवावे. शिवाय अमेरिकेतही हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि आपल्याकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. अर्ज, चिठ्ठी, पुरवठादार, टपाल या सगळ्याला लागणारा वेळ धरून मी मुदत संपण्याच्या चार महिने आधी कामाला लागते.

दुसरी अडचण किमतीची. अमेरिकेत दोन पेनांचे खोके २००७ च्या सुमारास शंभर डॉलरच्या आसपास होते आणि २०१६ पर्यंत त्याची छापील किंमत सहाशे डॉलरवर गेली. त्यावरून तिथल्या संसदेत कंपनीच्या प्रमुखांना जाब विचारला गेला. त्यानंतर त्याच कंपनीने तेच पेन ब्रँडच्या नावाशिवाय तीनशे डॉलरला आणले. आतली यंत्रणा तीच असल्याने आम्ही पुढची खोकी त्यातलीच घेतली. विमा नसलेल्या भारतीय कुटुंबाला तीनशे डॉलरही थोडे नाहीत, आणि हा खर्च एकदाचा नसून दर सव्वा-दीड वर्षाने पुन्हा करायचा आहे. उत्पादनापासून मुदतच जेमतेम तेवढी असते आणि प्रवासात त्यातले काही महिने जातात. एका खोक्याला तर आमच्या हाती आल्यावर केवळ अकरा महिने उरले होते.

तिसरी अडचण उन्हाळ्याची. पेन २० ते २५ अंश सेल्सिअसला ठेवावे, थोडा काळ १५ ते ३० पर्यंत चालेल, आणि ते शीतकपाटात ठेवू नये, अशी सूचना आहे. ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांनी एप्रिलमधले पुणे पाहिलेले नाही, मग अकोला किंवा चंद्रपूर तर दूरच. सासूबाईंनी पहिल्या उन्हाळ्यात ते सद्भावनेने शीतकपाटाच्या दारात, लोणच्याशेजारी ठेवले होते. सुदैवाने त्याच दिवशी माझ्या लक्षात आले. आता आम्ही इन्सुलिनसाठी मिळणारी, पाण्यात भिजवून वापरायची कापडी पिशवी वापरतो. माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो तेच तिचे तत्त्व आहे. त्यामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान चालते. मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर तितका भरवसा ठेवता येणार नाही. मोटारीत पेन कधीही सोडून जाऊ नये. पेनाला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून महिन्याला एकदा द्रव पाहावा. तो स्वच्छ, रंगहीन असला पाहिजे. तपकिरी किंवा गुलाबी झाला असेल, किंवा त्यात कण दिसत असतील, तर पेन बदलावे.

खोट्या पेनाचाही एक दोष आहे. ते खऱ्याशी इतके मिळतेजुळते आहे, की घाईत तेच हाती येण्याची भीती असते. त्यावर सासूबाईंनी काढलेला उपाय मला आवडला. त्यांनी खोट्या पेनाला काळा दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, तर अंधारातही बोटांना कळावे म्हणून. पण पाहणाऱ्यांचा समज पहिलाच होतो आणि आम्ही तो दुरुस्त करत बसत नाही. शिवाय खोटे पेन कधीही कमरेच्या पिशवीत ठेवायचे नाही, हा दुसरा नियम आहे. मुदत संपलेली खरी पेने आम्ही फेकून देण्यापूर्वी संत्र्यावर वापरतो. खऱ्या सुईचा झटका कसा असतो, हे खोट्या पेनाने कळत नाही, संत्र्याने कळते. ते संत्रे अर्थातच कोणी खायचे नाही.

शाळेच्या बाबतीत या पेनाने आम्हाला मोठाच हात दिला. पहिल्या बालवाडीने ‘आम्ही औषधाची जबाबदारी घेत नाही’ असे एका ओळीत कळवले आणि आम्ही प्रवेश काढून घेतला. दुसऱ्या ठिकाणी मी डॉक्टरांचे पत्र आधी पुढे केले नाही; खोटे पेन टेबलावर ठेवले. मुख्याध्यापिकांनी ते उत्सुकतेने उचलले, मी सांगितले तसे स्वतःच्या मांडीवर दाबले, टक असा आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, “एवढंच?” त्यानंतर वर्गताई, मदतनीस मावशी आणि व्हॅनचे काका अशा तिघांनी अर्ध्या तासात सराव केला. इंजेक्शन म्हटल्यावर मनात उभी राहणारी सुई, बाटली, पांढरा कोट यांतले काहीच समोर नसते, म्हणून माणसे शिकायला तयार होतात. डॉक्टरांचे लेखी पत्र लागतेच, आणि ते आम्ही दरवर्षी नव्याने देतो.

ज्यांना हे पेन परवडणार नाही किंवा मिळणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. अ‍ॅड्रेनलीन हे आपल्याकडे अतिशय स्वस्त औषध आहे. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली काचेची कुपी साध्या दुकानातही मिळू शकते, आणि पुष्कळ डॉक्टर पालकांना कुपी, १ मिलिलिटरची सिरिंज आणि लिहून दिलेली मात्रा असा संच ठेवायला सांगतात. आमच्याकडेही पेनांच्या जोडीला तो आहे. मात्र दोन्हींतला फरक समजून घ्यावा. नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमने, माझ्या मुलीची मात्रा ०.१८ मिलिलिटर होते. घाईत पूर्ण कुपी ओढून टोचली तर ती पाचपटीहून अधिक होते. कुपी न फुटता तोडणे, हवा काढणे, बारीक रेघ वाचणे आणि हे सर्व मूल गुदमरत असताना करणे, यासाठी पेनापेक्षा कितीतरी अधिक सराव लागतो. हा संच घेणार असाल, तर डॉक्टरांसमोर बसून पाण्याने सराव करावा, आणि सिरिंजवर नेमक्या रेघेपाशी रंगीत खूण करून घ्यावी. मात्रा अर्थात आपल्या मुलाच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायची.

परदेशी बाजारात आणखी दोन पर्याय आहेत. ऑव्ही-क्यू हे चपटे उपकरण वापरताना बोलून सूचना देते आणि त्याची ०.१ मिलिग्रॅमची आवृत्ती साडेसात ते पंधरा किलोंच्या बाळांसाठी आहे. पण त्याचे इंग्रजी बोलणे आमच्या घरच्या सर्वांत विश्वासू हाताच्या काही उपयोगाचे नाही. दुसरा, नेफी हा नाकात मारायचा अ‍ॅड्रेनलीनचा फवारा. १५ ते ३० किलोंच्या, चार वर्षे व त्यावरील मुलांसाठीच्या त्याच्या मात्रेला अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. सुई नाही आणि उष्णताही तो अधिक सोसतो, म्हणून आपल्या हवामानासाठी मला त्याचे कुतूहल आहे. मी तो वापरलेला नाही, तेव्हा अधिक लिहीत नाही.

ज्या कुटुंबाला परदेशातून येताना चिठ्ठीसह हे पेन आणता येते, किंवा परवान्याची वाट परवडते, त्यांनी ते जरूर घ्यावे, आणि दोन्ही पेने सदैव एकत्रच, मुलाजवळ ठेवावीत. एक घरी आणि एक शाळेत अशी वाटणी करू नये. पेने जोडायला एक प्लास्टिकची पकड येते, ती आम्ही पहिल्याच आठवड्यात हरवली, रबरबँड पुरतो. पेन घेऊन कपाटात ठेवणार असाल आणि सराव आईवडिलांपुरताच करणार असाल, तर मात्र हे पैसे अर्धे वाया गेले असे समजावे. गडबड घडते तेव्हा मूल आजीजवळ, मावशींजवळ किंवा व्हॅनच्या काकांजवळ असण्याचीच शक्यता अधिक असते.

पाचवे खोके पुढच्या महिन्यात यायचे आहे. सासूबाई खऱ्या पेनांच्या मुदतीची चौकशी करतात, पण त्यांना वाट आहे ती त्यातल्या करड्या पेनाची. काळ्या दोऱ्याचे जुने पेन त्यांनी सांगलीला लेकीकडे पाठवून दिले आहे, कारण नात मे महिन्याची सुट्टी आत्याकडे घालवणार आहे आणि आत्याच्या सासूबाईंचा सराव अजून कच्चा आहे.